पाचवर उभा राहिलेला काटा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. पण मला हात लावाल तर नुसती काच लागेल. मी संगणकाच्या पडद्यावर राहतो. बटण, तबकडी, काटा अशा पडद्यावरच्या कामकरी तुकड्यांना विजेट म्हणतात. सालेकसा गावच्या प्रेरणाताईने मला पायथन नावाच्या संगणकी भाषेत लिहिले. यंत्राच्या वाटीत धान टाकले की त्यातल्या ओलाव्याचा आकडा मला मिळे आणि मी तिकडे वळे. सतरापर्यंत हिरवा, पुढे लाल. वाचता न येणाऱ्यालाही कळावे म्हणून तिने माझे रंग कितीदा तरी बदलले.

कोहमाऱ्याला नत्थूलाल शेठच्या धानखरेदीच्या दुकानात आधी माझे फार कौतुक झाले. मग एका दुपारी त्याच्या नोकराने, हिमांशूने, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याने बरबटलेल्या बोटांनी माझा कोड उघडला आणि एक ओळ घुसडली : येईल त्या आकड्यात पाच मिळव. कुणाचा उष्टा घास तोंडात कोंबावा, तसे मला झाले. कोरडे धान मी लाल ठरवू लागलो आणि शेठ ते भाव पाडून मागू लागला. मला माझीच शिसारी येई.

धुरपताबाई नावाची शेतकरीण मात्र पडत्या भावात देईना. ती धान परत नेई, वाळवी, पुन्हा आणी. मी पुन्हा लाल.

"माह्याच वाळवण्यात खोट असन," ती म्हणाली. "काटा कायले खोटा बोलन?"

मला तोंड असते तर मी ओकलो असतो.

ती वाटीतले धान पोत्यात ओतत होती, तेवढ्यात प्रेरणा माझे रंग सुधारायला आली.

"हिमांशू, वाटी रिकामी आहे ना? मग काटा पाचवर काऊन उभा?"

"हवेत बी ओल राह्यते, ताई."

"मग पंखा लावून हवा वाळवू का?"

शेठने मोबाइलमध्ये डोके घातले. प्रेरणाने कोड उघडला, ती ओळ खोडली. मी शून्यावर उतरलो. धुरपताबाईचे धान पुन्हा वाटीत पडले. तेरा.

"मशीन है, गलती हो जाती है," शेठ पुटपुटला.

"मावशी, पाहा, हिरवा आहे."

धुरपताबाईने पाहिले नाही. "मले तो काटा नोको दाखवू, बाई. तू सांग."

मित्रांनो, उद्या तुम्हीही असे काही बनवाल. बनवून सोडून देऊ नका. अधूनमधून या, आम्हाला रिकामे चालवून पाहा. आम्हाला घाण करायला एक ओळ पुरते. आता मी खरे तेच दाखवतो. धुरपताबाई येते, पोते उतरवते आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहते.