फेरविचाराच्या खिडकीतला पॅड

मित्रांनो, विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती विभागात दुसऱ्या खिडकीशेजारी खिळ्याला टांगलेला एक पॅड दिसेल. क्लिप गंजलेली, कोपरे उंदराने कुरतडल्यासारखे. तोच मी. हसू नका, एके काळी मी चांगला देखणा होतो.

एका लहानशा कारखान्यात पुठ्ठ्याचे चार थर दाबून चिकटवले, वर रेक्झिन चढवले आणि माझा जन्म झाला. माझी भावंडे परीक्षेला बसणाऱ्या मुलांकडे गेली, मी या कचेरीत आलो. पहिल्याच दिवशी माझ्या पाठीवर शाईने लिहिले गेले, 'कार्यालयाबाहेर नेऊ नये.' जग बघायची हौस तिथेच फिटली.

इथे येतात ती पदवीच्या पुढचे शिकणारी मोठी माणसे. त्यांना शिक्षणासाठी मदत मिळते, पण तिला अटी असतात. घेतलेल्या विषयांपैकी निदान दोन-तृतीयांश पूर्ण करायचे, गुण घसरू द्यायचे नाहीत, पदवी मुदतीत संपवायची. एकदा चुकले तर ताकीद, पुन्हा चुकले तर मदत बंद. मग उरतो फक्त फेरविचाराचा अर्ज, आणि तो माझ्यावर ठेवून लिहितात. त्यात दोन प्रश्न असतात. 'काय झाले?' आणि 'आता काय बदलले आहे?'

पहिल्या प्रश्नाला पेन भरभर चालते. दुसऱ्यापाशी गाडी अडते. माणसे लिहितात, खोडतात, आणि खोडताना असा जोर लावतात की माझ्या अंगावर वळ उठतात.

खिडकीतल्या बाईंना विद्यार्थी 'टाचणीबाई' म्हणत, कारण एक टाचणी कमी असली तरी त्या अर्ज परत करत. जीभ तिखट, पण मला दर शनिवारी ओल्या फडक्याने पुसणाऱ्याही त्याच. माझे रेक्झिन फाटले तेव्हा त्यांनी घरून मऊ तुकडा आणून स्वतःच्या हाताने चिकटवला. असे लाड कचेरीत दुसऱ्या कुणाचे झालेले मी पाहिले नाहीत.

एकदा इथे एक मास्तर आले. शाळेत गणित शिकवणारे हे गृहस्थ रजा घेऊन चाळिशीनंतर एम.एस्सी. करत होते. त्यांच्या आईला विस्मरणाचा आजार होता. संध्याकाळ झाली की त्या "मला घरी जायचंय" म्हणत स्वतःच्याच घरातून बाहेर पडत. त्यामुळे मास्तरांचे संध्याकाळचे तास बुडत. सलग दोन सत्रे चारातले दोनच विषय पूर्ण झाले. मदत बंद झाली. ती पुन्हा सुरू झाली नसती, तर शिक्षणही थांबले असते.

पहिले उत्तर त्यांनी फळ्यावर लिहावे तसे स्वच्छ लिहिले. दुसऱ्या प्रश्नाखाली लिहिले, 'काहीच नाही.' बराच वेळ त्याकडे पाहत राहिले, मग दोन रेघा मारून खोडले आणि नवा फॉर्म मागून घेतला. त्यावर लिहिले, 'आईची प्रकृती पूर्णपणे सुधारली आहे.' या वेळी पेन इतके हलके टेकले की मला ते जेमतेम जाणवले.

बाईंनी टाचण्या मोजल्या. त्या बरोबर होत्या. मग मला टांगायला उचलले आणि उजेडात तिरपे धरले. मऊ रेक्झिनवर ताजे 'काहीच नाही' उमटले होते, वर दोन रेघा.

"मास्तर, आई पूर्ण बऱ्या झाल्या हे कुणी सांगितलं? डॉक्टरांनी, की तुम्हीच?"

मास्तर चष्मा पुसू लागले.

"अहो, असं लिहिलंत तर अर्ज तपासणारी समिती म्हणेल, आता घ्या की चारही विषय. घ्याल?"

"घ्यावे लागतील."

"आणि संध्याकाळी आईंपाशी कोण बसणार? मी?"

मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"म्हणजे पुन्हा दोन राहणार. मग मात्र मी काही करू शकणार नाही."

"पण खरंच काही बदललेलं नाही हो, बाई. तो आजार बरा होत नाही. मग लिहू काय?"

"आजार बदलला का, असं कुठे विचारलंय? तुम्ही काय बदललंत ते विचारलंय. घरात काहीच सोय केली नाहीत?"

"बहीण आता शेजारीच राहायला आलीय. सकाळी ती थांबते. पण ते काय लिहायचं?"

"कमाल करता! तेच तर लिहायचं!"

मला तेव्हा टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण एका क्लिपने किती वाजणार?

तिसऱ्या फॉर्मवर मास्तरांनी लिहिले, 'आई बरी झालेली नाही, होणारही नाही. सकाळी बहीण तिच्यापाशी असते. यापुढे मी सकाळचे दोनच विषय घेईन. मुदत दोन वर्षे वाढवून मिळावी.' सोबत मार्गदर्शक प्राध्यापकांच्या सहीची, उरलेले विषय कसे पूर्ण करणार याची योजना जोडली. समितीने मान्यता दिली, पण एकही विषय सुटता कामा नये अशी अट घालून.

पुढे अर्ज संगणकावर गेले. माझ्यावर कुणी लिहीना, शनिवारचे पुसणेही राहू लागले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

त्या अर्जानंतर तीन वर्षांनी, भर उन्हाळ्यात, मास्तर शेवटचा निकाल घेऊन आले. एकही विषय सुटला नव्हता. त्या दिवशी बहीण गावाला गेली होती, म्हणून आई बरोबर होत्या. बाईंनी मला खिळ्यावरून काढून बाकावर बसलेल्या आईंच्या हाती दिले. "घ्या आजी, वारा घ्या."

आई मला हलवत म्हणाल्या, "कशाला आलोय रे आपण इथे?"

"निकाल दाखवायला, आई."

"पास झालास?"

"झालो."

त्यांचा हात थांबला. "अगं बाई! मग आधी सांगायचं नाही का?" त्यांनी मास्तरांच्या गालावरून हात फिरवला.

थोड्या वेळाने पुन्हा, "कशाला आलोय रे आपण?"

त्या दुपारी हे पाच वेळा झाले. पाचही वेळा आई तितक्याच हरखल्या, आणि मास्तरांनी पाचही वेळा ती बातमी नव्याने सांगितली.

मित्रांनो, माझ्यासारख्या पुठ्ठ्याला जपा असा हट्ट मी धरणार नाही. पण तुमच्या घरात कुणी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर "मघाशी सांगितलं ना!" असे म्हणू नका. पुन्हा सांगा.