डोरोथियाबाईंचा श्वास

दुपारचा चहा संपतो न संपतो तोच उत्तरेकडच्या समुद्रकाठी, आमच्या पोर्ट हॅल्डेन गावात हिवाळ्याचा अंधार पडतो, आणि अंधार पडला की बर्टन झिंकच्या अंगात येतं. उन्हाळ्यात हाच बर्टन पर्यटकांना बोटीतून देवमासे दाखवायला नेतो. देवमासा दिसला नाही तर त्याला माफी मागावी लागते. हिवाळ्यात तो भुतं दाखवतो, आणि तिथे माफीचा प्रश्नच येत नाही.

त्या संध्याकाळीही माझ्या सूपच्या दुकानासमोर ही गर्दी. बर्फात पाय आपटणारी, हातमोज्यांत फुंकर घालणारी माणसं. बर्टनने काळा झगा चढवलेला, हातात कंदील. समोर क्रीझर हाउस, अडीचशे वर्षांचं, समुद्राकडे तोंड करून उभं.

"मंडळी, टोप्या काढा!" बर्टन गरजला. "आपण एका विधवेच्या घरी चाललोय. कॅप्टन क्रीझर समुद्रावर गेला तो गेलाच. डोरोथियाबाई वरच्या खोलीत वाट बघत बसल्या. आजही बसल्यात. त्या कुणाला दिसत नाहीत. त्या छातीवर हात ठेवतात! ज्यांचं हृदय नाजूक असेल त्यांनी खाली थांबावं. तिकीट परत मिळणार नाही, कारण बाईंना व्यवहार कळत नाही."

लोक हसले. हसत हसतच आत गेले.

वरच्या खोलीत जमिनीला एक लोखंडी जाळी आहे. जुन्या घरांत असते तशी, तळघरातल्या भट्टीची ऊब वर यावी म्हणून. गारठलेली माणसं आपोआप त्या जाळीभोवती खुर्च्या ओढतात. मग बर्टन दार लावतो, कंदील विझवतो.

"आता खोल श्वास घ्या. आणखी खोल! वास येतोय? डांबराचा? तो कॅप्टनच्या जहाजाचा. घ्या, घ्या, भरून घ्या!"

थोड्या वेळाने एखादी बाई रडायला लागायची. कुणाचं डोकं गरगरायचं, कुणाच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. हॉकी शिकवणारा एक धिप्पाड गडी जिन्यावर बसून आईला हाका मारताना मी या डोळ्यांनी पाहिला. त्याचे फोटो जगभर गेले आणि पुढच्या आठवड्यात गर्दी दुप्पट झाली.

बर्टनच्या बाकीच्या हातचलाख्या मला पाठ होत्या. खिडकीची फळी आपटते ती त्याचा मेव्हणा दोरी ओढतो म्हणून. मानेवर गार झुळूक येते ती माळ्याचं झाकण सरकवलं म्हणून. पण छातीवरचा हात? मी एकदा त्याला कोपऱ्यात गाठलं.

"बर्टन, हे कसं करतोस रे?"

त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. "मर्ना, खरं सांगू? हे मी नाही करत." त्याचा चेहरा उतरला होता. "दोन हिवाळे झाले. मलाच भीती वाटते गं. माझंही डोकं रोज दुखतं."

स्वतःच्याच भुताला घाबरलेला भोंदू मी पहिल्यांदाच पाहत होते. मला हसू आलं. हसू यायला नको होतं, कारण एक गोष्ट माझ्याही नाकासमोर होती. भीती वाटली की माणसाला भूक लागते. बर्टनची गिऱ्हाइकं पूर्वी माझ्याकडे येऊन माशाचं सूप वाडगी वाडगी ओरपायची. गेले दोन हिवाळे ती वाडगं पुढ्यातून सरकवत होती. मळमळतं म्हणत होती. मला वाटलं, माझ्या सुपाचंच काहीतरी बिघडलंय. मी मासेवाला बदलला.

क्रीझर हाउसच्या मागच्या दोन खोल्यांत एल्डा कॉर्कम राहायची. माझी मैत्रीण, शाळेपासूनची. वारसा समितीने तिला घराची राखण करायला ठेवलं होतं. तिचा एकुलता एक डॅरिल शिंपल्यांच्या बोटीवर होता. एका फेब्रुवारीत बोट गेली. बोटीच्या फळ्या मिळाल्या, डॅरिल नाही मिळाला. कबर नाही, म्हणून एल्डाला फुलं कुठे ठेवायची हेही ठाऊक नव्हतं.

मी रोज तिच्यासाठी तपकिरी पाव घेऊन जायचे. एके दिवशी ती डोक्याला ओला रुमाल बांधून बसली होती, पण चेहरा असा, जणू घरी पाहुणे आलेत.

"तो येतो, मर्ना."

"कोण?"

"अगं, डॅरिल. हिवाळा लागला की येतो, पलंगाच्या कडेला बसतो. गादी खाली दबलेली कळते मला. जिन्यावर बूट वाजतात. त्याचेच बूट. मला नाही कळणार?"

"एल्डा, उन्हाळ्यात का नाही येत तो?"

"उन्हाळ्यात माणसं समुद्रावर असतात," ती म्हणाली, लहान मुलाला समजवावं तशी.

मी पाव कापला.

जानेवारीत एका पर्यटक बाईने आपला छोटा कुत्रा कोटात लपवून वर नेला. डोरोथियाबाईंनी हात ठेवायच्या आधीच कुत्रा लुळा पडला. बाई किंचाळत बाहेर आली आणि पायऱ्यांवर स्वतःच कोसळली. कुत्र्यासकट तिला इस्पितळात नेलं. तिथे नवीन आलेल्या डॉक्टर होत्या, इफेओमा. नायजेरियाच्या. आमच्या गावात ज्याचे आजोबा इथे पुरलेले नाहीत तो बाहेरचाच. त्या तर समुद्रापलीकडच्या. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दुकानात आल्या, आणि त्यांनी सूप मागितलं नाही.

"मर्ना, तुमच्या भुताला कुत्रीसुद्धा लागतात का हो?"

"बर्टनला विचारा. भुतांचा हिशेब त्याच्याकडे."

"त्याला विचारलं. म्हणतो, डोरोथियाबाईंना कुत्रे आवडत नसत." त्या हसल्या नाहीत. "त्या कुत्रेवाल्या बाईंच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड निघालाय. धुरातला विषारी वायू. त्याला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, छाती दडपते, आणि नाही ते दिसायला, ऐकू यायला लागतं. मला सांगा, अडीचशे वर्षांची ही विधवा दोन वर्षांपूर्वीच का जागी झाली? दोन वर्षांपूर्वी त्या घरात काय बदललं?"

माझ्या हातातली पळी खाली आली.

"भट्टी. नवी बसवली," मी म्हटलं.

पुढचं सगळं त्याच संध्याकाळी झालं. डॉक्टरांनी लोखंडी सामानाच्या दुकानातून वायू ओळखणारा अलार्म आणला, मुठीएवढा पांढरा डबा, आणि कोटाच्या खिशात टाकून त्या गर्दीबरोबर वर गेल्या. मागोमाग मी. बर्टनने कंदील विझवला.

"खोल श्वास घ्या. बाई जवळ येतायत..."

आणि खिशातला डबा असा किंचाळला, की अख्खी खोली उठून उभी राहिली. एकाने तर टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या नंतर," डॉक्टर ओरडल्या. "आधी सगळे बाहेर! खिडक्या उघडा!"

मी धावत मागे गेले आणि एल्डाला कोट गुंडाळून बर्फात आणलं. डॉक्टर घराला वळसा घालून मागच्या भिंतीशी पोहोचल्या होत्या, सगळी गर्दी त्यांच्यामागे.

आमच्याकडे हिवाळा लागला की घराच्या पायाभोवती स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या फांद्या रचतात. वारा खालून शिरत नाही, बर्फ त्यावर बसतो आणि घराला गोधडी होते. आमचे आजे-पणजे हेच करत आले, आणि त्यात चूक काही नव्हती, कारण त्यांच्या चुलींचा धूर छपरावरच्या धुराड्यातून जायचा. नव्या भट्टीचा धूर मात्र जमिनीपासून हातभर उंचीवर, भिंतीतून काढलेल्या प्लास्टिकच्या नळीतून बाहेर पडतो. समितीला ती नळी खुपत होती. ऐतिहासिक घराच्या फोटोत प्लास्टिक दिसतं! म्हणून बर्टनने त्या जागी फांद्या जरा जास्तच मायेने रचल्या होत्या.

डॉक्टरांनी फांद्या उपसल्या. मागे नळीचं तोंड, काजळीने काळं झालेलं, त्यावर बर्फाचा बूच.

"या तुमच्या डोरोथियाबाई," त्या म्हणाल्या. "धुराला बाहेर वाट नाही, म्हणून तो तळघरात मागे फिरतो. तिथून जाळीतून वर. तुम्ही जाळीभोवती बसता, दार लावता, आणि हे गृहस्थ तुम्हाला खोल श्वास घ्यायला सांगतात. तो डांबराचा वास भट्टीच्या तेलाचा. उन्हाळ्यात भट्टी बंद, म्हणून भूतही बंद."

बर्टनचा झगा वाऱ्यावर फडफडत होता. तेवढ्यात माझ्या शेजारून एल्डा म्हणाली, हळूच, "दारं सताड उघडी टाकलीत तुम्ही. गेला तो."

मला वाटलं होतं, गोष्ट इथे संपली. नळी मोकळी झाली, भट्टी दुरुस्त झाली, एल्डाच्या स्वयंपाकघरात अलार्म लागला. डोरोथियाबाईंनी नंतर कुणाच्याही छातीवर हात ठेवला नाही. आणि पर्यटकांनी तक्रार केली की, सहलीत आता दम नाही.

शनिवारी चर्चच्या सभागृहात सगळा गाव बीन्स आणि पाव खायला जमतो. तिथे समितीचे अध्यक्ष डॉक्टरांना म्हणाले, "तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला आमच्या घरांचं काय कळणार?"

"घरांचं नाही कळत," डॉक्टर म्हणाल्या, "फुप्फुसांचं कळतं. ती बाहेरच्यांनाही असतात."

मी हसले. एकटीच.

बर्टन माझ्या बाकावर येऊन बसला. "विज्ञान आपल्या जागी ठीक आहे, मर्ना. पण मासे संपले, कारखाना गेला. हिवाळ्यात या गावाकडे दुसरं आहे काय? प्लास्टिकची नळी दिसली तर भुताचं घर कोण मानणार? मी फांद्या परत रचणार. नळीपुरतं भोक ठेवीन, देवाशप्पथ."

भोक त्याने ठेवलं, हे मला सांगितलंच पाहिजे. पण फांद्यांतल्या भोकावर बर्फ बसायला कितीसा वेळ लागतो? समितीला सांगून पाहिलं. अलार्म आहे ना, म्हणाले. मग मी रोज पाव द्यायला जाताना घराला वळसा घालायचे, बर्फ खरवडायचे आणि नळीपुढे हात धरायचे. हाताला ऊब लागली की आत जायचे.

एके दिवशी आत गेले तर भिंतीवर अलार्म नव्हता. पावाच्या डब्यात सापडला, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला.

"एल्डा!"

"ओरडू नकोस. रात्री उगाच पिकपिकतो."

"उगाच नाही पिकपिकत. अगं, तुला कळतंय का हे काय आहे?"

"मला सगळं कळतं." तिने अलार्म माझ्या हातून घेतला. "तुझी डॉक्टरीण तासभर बसून समजावून गेली. चांगली बाई आहे. तो वायू आहे, डॅरिल नाही. माझ्या डोक्याचा खेळ आहे. खरं आहे तिचं." तिने अभ्र्याची घडी घातली. "पण तो खेळ माझ्याकडे बघून हसायचा, मर्ना. तुमच्या खऱ्यात तो कुठेच नाही."

"माझ्याकडे राहायला चल."

"तुझ्याकडे तो नाही ना येणार."

ती आली मात्र. थोडे दिवस राहिली, माझ्या पावाला नावं ठेवली, माझे पडदे धुतले. मग घरामागे येणाऱ्या मांजराला खायला घालायचं निमित्त करून परत गेली. मी अलार्म पुन्हा भिंतीला ठोकला, लांब खिळ्याने. मी विज्ञान शिकलेली नाही. इस्पितळातून मागून आणलेली पत्रकं वाचून जे कळलं ते तिला सांगत राहिले. ती मान डोलवायची.

फेब्रुवारीत मोठं वादळ आलं. माझं दार बर्फाने बाहेरून चिणलं गेलं. समोरचं घर दिसेना, मधला रस्ता दिसेना. टेलिफोन बंद. वादळ सरल्यावर मी खिडकीतून बाहेर पडले आणि फावडं घेऊन आधी मागच्या भिंतीशी गेले. भोक नव्हतं, फांद्याही दिसत नव्हत्या, नुसता पांढरा उतार. मी खणलं. नळीपुढे हात धरला. नळी गार होती. गुदमरून भट्टीही विझली होती.

एल्डा पलंगावर होती, भिंतीकडे सरकलेली. कडेला एका माणसाला बसण्यापुरती जागा सोडून. अलार्म पावाच्या डब्यात होता.

तिला मरायचं नव्हतं, हे मी आजही सांगते. तिला फक्त भेट हवी होती. तिच्या एकटेपणाला आमच्याकडे उत्तर नव्हतं, धुराकडे होतं. भोंदूपणा असाच शिरतो, जिथे आपण भोक ठेवलेलं असतं तिथून.

आता क्रीझर हाउसला विजेची शेगडी आहे. सहल चालूच आहे. बर्टनचा झगा नवा आहे, आणि खोली आता वरची नाही, मागची.

"मंडळी, इथे एक आई झोपायची," तो कंदील उंच धरून सांगतो. "वादळाच्या रात्री तिचा बुडालेला मुलगा आला आणि तिला घेऊन गेला..."

मी गर्दीच्या मागे उभी असते. रोज. आणि रोज मोठ्याने म्हणते, "खोटं आहे! नळी बुजली होती. वायूने मेली ती. माझी मैत्रीण होती."

लोक दचकून वळतात. मग टाळ्या वाजवतात. त्यांना वाटतं, मीही खेळातलीच आहे. माझ्याबरोबर फोटो काढतात. बर्टन नजर वळवतो, पण मला थांबवत नाही. माझ्यामुळे खेळ रंगतो, हे त्याला कळलंय.

परवा एक बाई मात्र मागे रेंगाळली. टाळ्या वाजवल्या नव्हत्या तिने. "तो अलार्म दिसतो कसा?" तिने विचारलं. "आमच्याकडे थंडीत सगळ्यांची डोकी दुखतात." मी तिला कागदी रुमालावर चित्र काढून दिलं, नळीचंही, आणि म्हटलं, आत्ताच घरी फोन कर, भट्टी बंद करून सगळ्यांना बाहेर काढायला सांग. तिने रुमाल खिशात घातला. फोन केला की नाही, मला ठाऊक नाही.

तुम्ही हे वाचताय म्हणून तुम्हालाही सांगते. भूत मानायचं की नाही, ते नंतर ठरवा. बंद खोलीत शेगडी, भट्टी, बंब काहीही पेटत असेल आणि घरात कुणाची छाती दडपत असेल, तर मांत्रिकाला बोलावू नका, खोल श्वास घेऊ नका. दारं उघडा, माणसं बाहेर काढा, डॉक्टर गाठा. आणि घरात सगळं ठीक असेल तेव्हाही थंडीत रोज एकदा भिंतीला वळसा घालून या. धुराच्या नळीपुढे हात धरा. हाताला ऊब लागली, तर आत तुमची माणसं अजून श्वास घेतायत.