घनश्यामच्या शेंगांची माती

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. माझ्या बुडाला भोकं आहेत, कड एका बाजूला तडकली आहे आणि माझा स्वभाव चांगला नाही. माझं कुणी वाकडं केलं तर मी ते विसरत नाही. ही कड घनश्याम नावाच्या माणसाने तडकवली. त्याचीच गोष्ट सांगतो.

जवाहरनगरच्या फॅक्टरी वसाहतीत, कोपऱ्यातल्या एका क्वार्टरमध्ये मी पाणी साठवायला आलो. तिथे राहणारे डोमाजी फॅक्टरीत नोकरीला होते. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई मला घासूनपुसून लख्ख ठेवायच्या. नळ गेला की शेजारीपाजारी बादल्या घेऊन माझ्यापुढे उभे राहत आणि मी फुगून बसे. पुढे छतावर टाकी आली. मला मागच्या अंगणात ढकललं गेलं आणि भंडाऱ्याच्या उन्हाने माझा रंग उडाला. आता भंगारवाला येणार, असं मी धरून चाललो होतो. पण बाईंनी एक दिवस तापलेल्या सळईने माझ्या बुडाला भोकं पाडली. दुखलं फार, पण मला नवं काम मिळालं. मी खताचा ड्रम झालो.

खत कशाचं, तर शेंगांच्या टरफलांचं. हिवाळ्यात फॅक्टरीच्या बसमध्ये सगळे भाजलेल्या शेंगा खात आणि टरफलं पायाशी टाकत. डोमाजी ती गोळा करून पिशवीत घरी आणत. बाई टरफलं कुटायच्या आणि रात्रभर भिजवायच्या. खारी असली तर आधी चांगली धुवायच्या, कारण मीठ झाडाची मुळं जाळतं. मग शेण, ताक, भाजीची देठं घालून माझ्यात थर लावायच्या. टरफल मोठं चिवट, लवकर हार मानत नाही. पण काही महिन्यांनी मी बुडातून काळी, भुसभुशीत माती द्यायचो. तिच्यावर वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वालाचे वेल असे माजले की लोक कुंपणाशी थांबून पाहायचे.

घनश्याम शेजारीच राहायचा. बसमध्ये सर्वांत जास्त शेंगा तोच खायचा आणि सर्वांत मोठ्याने तोच हसायचा.

"काहून जी डोमाजी, पगार पुरत नाही का? बसचा कचरा घरी नेऊन राहिले!"

सगळी बस हसायची. डोमाजी मान खाली घालून टरफलं वेचत राहायचे. घरी येऊन ते हे सांगायचे, तेव्हा माझ्या पोटातली उष्णता वाढायची.

एकदा बाई बुद्धविहारात गेल्या असताना घनश्याम आमच्या अंगणात शिरला. "माश्या करून ठेवल्या सगळीकडे!" असं म्हणत त्याने लाथ मारून मला नालीत उलटं केलं. माझी कड तडकली. अर्धवट कुजलेलं खत पाण्याबरोबर वाहून गेलं. बाई परतल्या, नालीशी बसल्या आणि उरलेलं हाताने गोळा करताना रडल्या. भांडायला मात्र गेल्या नाहीत. मला सरळ उभं करून एवढंच म्हणाल्या, "पाहू."

मी तो शब्द जपून ठेवला.

डोमाजी निवृत्त झाले. क्वार्टर सोडून आंबागडला, आपल्या नव्या घरी जायचं ठरलं. तिथे अंगणात नुसता मुरूम. बाईंनी लावलेलं एकही रोप तिथे धरलं नव्हतं. त्यांना हातांनी केलेली बाग इथेच सोडून जावं लागणार होतं, आणि तेवढ्यात घनश्याम गोड हसत आला.

"वहिनी, तुमचं क्वार्टर मलेच भेटलं बरं का! बगीचा तयारच हाये. बसल्या जागी वांगे खाईन."

बाईंनी त्याला चहा दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुदळ काढली.

आपण केलेली माती तेवढी त्यांनी खणली. मुरूम लागला की हात थांबवायच्या. पोत्यांवर पोती भरली. कढीपत्त्याला मात्र बुंध्याशी माती ठेवली. "झाडाचा काय गुन्हा?" म्हणाल्या. टेम्पो आला तसा घनश्याम धावत आला.

"वहिनी, माती कायले नेता? सामान न्या ना!"

"हेच सामान हाये, भाऊ. तुम्ही बसमध्ये फेकलेल्या टरफलांची माती हाये हे. कचरा होता ना? आम्ही नेऊन राहिलो."

त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. लोकांसमोर शोभा नको म्हणून तो मला टेम्पोत चढवायला पुढे आला. मी ओल्या खताने तोंडापर्यंत भरलेला होतो. त्याने मला एका बाजूने उचललं आणि मी माझ्या सगळ्या भोकांतून काळं, आंबूस पाणी त्याच्या पांढऱ्या पँटवर सोडलं. मित्रांनो, इतकं सुख मला कधी मिळालं नव्हतं.

आता आंबागडच्या अंगणात वांगी लागली आहेत. मागच्या रविवारी घनश्याम आला. त्याच्याकडे कढीपत्त्याशिवाय काही उगवत नाही. हातात रिकामं पोतं होतं आणि नजर खाली होती, डोमाजींची बसमध्ये असायची तशीच.

"वहिनी, थोडीशी माती भेटन का?"

बाईंनी त्याला जेवू घातलं, वांग्याची भाजी दोनदा वाढली. मग म्हणाल्या, "माती नाही भेटत, भाऊ. ड्रम भेटते बजारात. टरफलं तुमच्याजवळ हायेतच."

मित्रांनो, टरफलं फेकू नका. कुटा, भिजवा, मुरू द्या. आणि दुसरा कुणी ती खाली वाकून वेचत असेल तर त्याला हसू नका. घनश्याम आता बसमध्ये टरफलं वेचतो, असं ऐकतो. बस हसते म्हणे. हसू दे.