अठ्ठावीस तारखेला मी पुसलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. संगणकाला नेमून दिलेलं काम जिच्यात लिहिलेलं असतं, ती मी. घशाच्या एका दवाखान्यात, जिन्याखालच्या खोलीतल्या संगणकावर माझा मुक्काम. तीन महिन्यांहून जुनी रेकॉर्डिंग पुसायची, एवढंच माझं काम.

मला लिहिलं तंत्रज्ञ काकांनी. माणूस देवासारखा, पण भारी घाईचा. तारखांची तुलना करताना आधी दिवस, मग महिना, मग वर्ष बघायचं, असं त्यांनी शिकवलं. त्यामुळे अठ्ठावीस सप्टेंबरपेक्षा तीन डिसेंबर मला जुना वाटे, कारण तीन हा आकडा लहान! हसू नका, मला दुसरं कुणी सांगितलंच नव्हतं.

काका मला दर महिन्याच्या एक तारखेला चालवत, म्हणजे तीन महिन्यांमागची हद्दही एक तारीखच. एकपेक्षा लहान दिवस कुठून आणायचा? मी जवळजवळ काहीच पुसत नसे. "गुणाची आहे हो, कधी कटकट नाही!" काका म्हणत, आणि मी मूर्ख फुशारून जाई.

काका निवृत्त झाले, नव्या ताई आल्या. डिसेंबरात डिस्क गच्च भरली. "एक तारखेपर्यंत कोण थांबतंय!" म्हणत ताईंनी मला अठ्ठावीसलाच चालवलं. हद्द झाली अठ्ठावीस सप्टेंबर. एक ते सत्तावीस तारखांचं सगळं मी पुसलं. अगदी कालचंसुद्धा.

त्यात एका सुताराचा आवाज होता. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र जाणार, आणि म्हाताऱ्या आईला दिसत नाही, म्हणून त्यानं तीन डिसेंबरला तिच्यासाठी बोलून ठेवलं होतं. "आई, जेवलीस का? गोळी घेतलीस? अगं, दाराला कडी लाव." ऑपरेशन होऊन गेलं होतं. दुसरी प्रत महिनाअखेरीस निघायची होती.

ताईंनी ती हद्द आणि सुताराची तारीख कागदावर एकाखाली एक लिहिल्या आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, ही दिवसच आधी बघतेय!" त्यांनी मला वर्ष आधी बघायला शिकवलं, दहादा तपासलं. चूक सापडली. आवाज नाही सापडला.

सुतार आईला घेऊन आला.

"आजी, माझ्या हातून पुसला गेला," ताई रडत म्हणाल्या. त्यांनी माझं नावही घेतलं नाही.

आजींनी लेकाचा गळा चाचपला. "असू दे रे. रोजचंच तुझं बोलणं, मला पाठ आहे," म्हणाल्या. आणि त्याच्याच सुरात बोलू लागल्या, "आई, जेवलीस का?"

मित्रांनो, मुकाट काम करणाऱ्याला नुसतं शहाणं म्हणू नका. तो काय करतोय, ते एकदा उघडून बघा. मला कुणी वेळेवर बघितलं असतं, तर त्या माउलीवर स्वतःलाच हाक मारायची वेळ आली नसती.