खिरापतीचा पितळी डबा

या, बसा. मी एक पितळी डबा. आलेल्या माणसाला आधी बसवायचं, ही माझी दुकानातली सवय.

मिरजेला हेरंबशेठांच्या किराणा दुकानात मी गल्ल्याशेजारी असायचो. शेठनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पुड्यांच्या रद्दीवरची अक्षरं जुळवत ते वाचायला शिकले. नवा माल आला की माझ्यात भरायचे, झाकण घट्ट लावायचे आणि गिऱ्हाइकाच्या कानाशी मला खुळखुळवायचे. "ओळखा बघू!" एकदा एक मास्तर पैजेवर म्हणाले, "लेमनच्या गोळ्या!" निघाल्या सुपाऱ्या. बिचारे दोन्ही घेऊन गेले.

शेठ गेले. त्यांची नात विनया मला गुरुग्रामला घेऊन आली. चौदाव्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या अगदी वरच्या कप्प्यात माझी रवानगी झाली. पितळ घासायला वेळ कुणाला!

विनयाची मुलं, मैत्रेयी आणि पुष्कर, घरीच शिकतात. यंदा शरदात सणांचा धडा होता. फ्रिजवर तक्ता लागला: भोंडला, दसरा, कोजागिरी, दिवाळी. भोंडल्याच्या खिरापतीसाठी मला खाली काढून चिंचेनं घासलं. खरं सांगतो, वय उतरलं.

दहा वर्षांच्या मैत्रेयीचा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकला होता. "आई, कुणी येईल ना गं?"

जूनमध्ये पुण्याहून आल्यापासून तिला एकही मैत्रीण मिळाली नव्हती. लिफ्टमध्ये बायका विचारत, "बेटा, कौन से स्कूल में हो?" "घर पे पढ़ती हूँ," म्हटलं की "अच्छा…" म्हणून मजल्यांचे आकडे बघत बसत.

अष्टमीला संध्याकाळी पाचची वेळ ठरली, सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्या मुलींना बोलावणं गेलं. पुष्करनं पाटावर हत्ती काढला. सोंड जरा शेपटीसारखीच झाली. पाट लॉनवर मांडला. साडेपाच झाले. कुणी नाही.

चूक कळली ती गेटवरच्या गार्डकडून. "मॅडम, आज तो कंजक थी. बच्चियाँ सुबह से घर-घर हलवा-पूरी-चने खाके सो रही होंगी." इथे अष्टमीला मुलींना बसवून, पाय धुऊन जेवू घालतात. विनयाच्या हे गावीही नव्हतं. आणि मैत्रेयीला एकाही घरचं बोलावणं आलं नव्हतं.

"वर जाऊ या," मैत्रेयी म्हणाली. ती पाट उचलायला वाकली.

विनयानं मला तिच्या हातात दिलं. "माझे आजोबा असते ना, तर गिऱ्हाइकाची वाट बघत बसले नसते."

पहिलं दार सातव्या मजल्यावरचं. भक्ती नावाची मुलगी डोळे चोळत आली.  मैत्रेयीनं मला भक्तीच्या कानाशी खडखडवलं. "पहचानो!"

"चने? यार, आज चने मत खिलाना!"

"नहीं."

"मठरी? बता ना!"

"नीचे बताऊँगी."

भक्तीची झोप उडाली. पुढच्या दारांच्या बेल तीच वाजवत सुटली. अर्ध्या तासात अकरा मुली हत्तीभोवती फिरत होत्या. मैत्रेयी गाणी सांगायची, त्या मोडूनतोडून म्हणायच्या. सगळ्यांनी हार मानली तेव्हा झाकण उघडलं: कडबोळी! पोट फुटेस्तोवर जेवलेल्या मुलींनी माझा तळ दाखवला.

"कल मेरे घर का खाना," म्हणत भक्तीनं मला काखेत मारलं.

"ढक्कन टाइट रखना हाँ!" मैत्रेयी मागून ओरडली. तिचा असा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

आज नवमी. सातव्या मजल्यावर भरून बसलोय. एवढंच मागणं आहे, तुमच्या घरचा डबा कप्प्यात ठेवू नका; दारोदार फिरवा.

माझ्यात आज काय आहे म्हणता? छे, सांगितलं तर दुकान कसलं! पाचला खाली या. हलवून बघा.