अर्ध्यावर कापलेलं प्रवचन

या, असे जवळ सरका. फोन मात्र उपडा ठेवा, कारण गोष्ट त्याचीच आहे आणि आपली चहाडी त्याला ऐकू जायला नको. गायलेल्या प्रवचनाची गोष्ट आहे, शेवटपर्यंत ऐकायची. मधेच उठलात तर तुमच्यात आणि गोष्टीतल्या जावईबापूंत फरक तो काय?

आमच्या मंडळीत पेटी वाजवते ती ताई. आठवडाभर शिवणाचं दुकान, रविवारी चर्चमध्ये पेटी. पाळकसाहेबांचं प्रवचन म्हणजे नुसतं बोलणं नव्हे. ते गोष्ट सांगतात, मधेच गाऊ लागतात, पेटी चढते, आणि मागच्या बाकावरचा पेंगणारासुद्धा डोळे पुसत ताठ बसतो. ताईचा जीव त्या प्रवचनात. दुसरा आवाज तिचाच.

तिच्या जिवाला एक घोर होता. धाकटा भाऊ. वडिलांशी भांडून घर सोडलं, वडील गेले तेव्हाही आला नाही, मग लाजेनं तोंड दाखवेना. नंबर बदलला, पत्ता नाही. म्हणूनच, कमिटीत जेव्हा ठरलं की इंटरनेटवर मंडळीचं पान काढायचं, उपासना फोनवर दाखवायची, तेव्हा "देवाच्या घरात कॅमेरा कशाला?" म्हणणारी ताई एकाएकी गप्प झाली. कुठे का असेना, फोन तर असेल त्याच्याकडे! कानावर पडलं तर पडलं.

पानाचा कारभार आला ताईच्या भाचीच्या नवऱ्याकडे. हौशी माणूस. पण पडला जावई, त्याला बोलायची चोरी. कान उपटायचा तोही 'अहो' म्हणून.

एका रविवारी पाळकसाहेबांनी बायबलातली बाप, थोरला आणि घर सोडून गेलेला धाकटा ही गोष्ट लावली. त्यांची रीत अशी की आधी रागावलेल्याची बाजू मांडायची, तीही वरच्या पट्टीत, अगदी खरी वाटेल अशी. मग सूर खाली आणायचा आणि बापाचं उत्तर गायचं. थोरल्याची बाजू ताईकडे. तिनं पेटीचा भाता दाबला आणि आवाज लावला:

"नका उघडू हो दार, त्याची वाट बंद झाली,
घर सोडून गेला, त्याची थाळी उपडी घातली!"

खिडक्यांच्या काचा थरथरल्या म्हणतात.

जावईबापूंनी नेमकं तेवढंच कापून पानावर टाकलं. बापाचं उत्तर गेलं कात्रीत. वर ठसठशीत मथळा: 'ताईंचा दणका!'

झालं. व्हिडिओ सुटला तो वाऱ्यासारखा. कुणी भाडेकरूला पाठवला, कुणी रुसून गेलेल्या सुनेला, एकानं तर लग्न मोडणाऱ्या व्याह्याला. खाली शेरे: 'असंच पाहिजे', 'दार बंद म्हणजे बंद'. भाजीवाला ताईला बघून म्हणाला, "काय आवाज आहे हो! आमच्या मेव्हण्याला आठवड्यातून दोनदा ऐकवतो."

ताई तणतणत दुकानात शिरली. पण खरा घाव संध्याकाळी बसला. भाची शेरे वाचून दाखवत होती, हसत होती, आणि मधेच थांबली.

"मावशी... हा बघ. फोटो नाही, काही नाही. लिहिलंय, 'बरोबर आहे ताई. दार लावूनच ठेव.'"

परकं माणूस 'ताई, ठेव' असं एकेरीत लिहिणार नाही, हा धाकटाच. इतकी वर्षं ज्याला हाक ऐकू जावी म्हणून देवाला साकडं घातलं, त्याच्यापर्यंत हाक गेली, आणि गेली ती ही!

तिनं भाचीला खाली उत्तर लिहायला लावलं, पण तोवर त्याच्यावर शेकडो शेरे चढले होते. मग गाठले जावईबापूंना.

"काढा तो व्हिडिओ."

"मावशी, आत्ता? आत्ताच तर पान वर चाललंय! केवढी सेवा होतेय."

"कसली सेवा? लोक एकमेकांच्या तोंडावर दारं आपटतायत!"

"पण बघतायत ना."

पाळकसाहेबांकडे गेली. ते मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत होते. "खरंय तुझं," ते घसा सांभाळत म्हणाले, "पुढच्या कमिटीत घेऊ." कमिटीत घेऊ! म्हणजे लोणचंच घातलं की त्याचं!

पुन्हा जावई, या वेळी दुकानातच बोलावून. "मग निदान पूर्ण प्रवचन टाका."

"मिनिटापलीकडे कुणी थांबत नाही, मावशी. आजकाल लक्ष कुणाला आहे?"

तेव्हा मात्र ताईची जावयाची भीड चेपली. "वा! म्हणजे उद्या प्रभूलाही क्रूसावरच थांबवाल तुम्ही. तिसऱ्या दिवशीचं त्याचं उठणं दिसूच देणार नाही, मिनिट संपलं म्हणून!"

जावईबापूंनी खिशातून फोन काढला. मग ते हळूच म्हणाले, "आत्ताच्या आत्ता थेट दाखवू. गाता?"

तिथेच, दुकानात. फोन दोऱ्याच्या रिळांच्या डब्याला टेकवला. आधी पडद्यावर ताईच्या डोक्यावर सशाचे कान उगवले. "हे काय ध्यान?" "बटण चुकलं, मावशी, जातील." कान गेले. घरची पेटी शिलाईच्या टेबलावर, भोवती कापडाचे तुकडे, आणि ताईनं बापाचं उत्तर धरलं. वरचा सूर लागेना. दिवसभराच्या वैतागानं घसा बसलेला. तिनं सरळ खालची पट्टी घेतली:

"कडी काढली मी केव्हाच, माझा जीव उंबऱ्यात,
थाळी उताणी मांडली, तुझी जागा ह्या घरात."

बघणारे भराभर गळाले. दणका ऐकायला आलेले ते, त्यांना उंबऱ्याचं काय? पडद्यावरचा आकडा उतरत उतरत एकावर आला. तो एक मात्र हलेना. ताई तेच कडवं पुन्हा गाऊ लागली.

"कुणीतरी लिहिलंय," जावईबापू वाचू लागले, "'ताई, पट्टी उतरवलीस?' काय लोक असतात! फुकट ऐकायचं आणि वर खोड काढायची."

पेटी थांबली. लहानपणी तिच्या शेजारी बसून पट्टीवरून भांडणारं या जगात एकच माणूस होतं.

"घसा म्हातारा झाला रे," ताई फोनकडे बघत म्हणाली. डोळे वाहत होते, पण आवाज तोच, थोरल्या बहिणीचा. "तू ये, आणि चढव पट्टी. नुसता शहाणपणा शिकवू नकोस."

जावईबापूंनी फोन उचलून जवळ धरला. मग दोन शब्द उमटले:

'येईन बहुतेक.'

त्या 'बहुतेक'वर ताई अजून चिडलेली असते. पण दुकान बंद करते तेव्हा मागच्या दाराची कडी लावत नाही. जावईबापूंचं म्हणाल तर ते आता प्रवचन पूर्ण टाकतात, थोडे लोक बघतात.

तर मंडळी, गोष्ट पुरी ऐकलीत, देव तुमचं भलं करो. आज रात्री हात जोडाल तेव्हा ताईच्या धाकट्याची तेवढी आठवण ठेवा. अजून वाटेतच आहे तो.