सख्ख्या बहिणीलाही सूट नाही

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो. जुनी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर खड्डे, चिखल, आदळआपट असे काहीतरी येईल. तसले काहीच माझ्या वाट्याला आले नाही. डांबर पायाखाली कसे लागते हे मला आजही माहीत नाही. ट्रकमधून उतरले, गुळगुळीत फरशीवर चढले आणि उभ्या उभ्या म्हातारी झाले. त्यातून मी साधीसुधी गाडी नव्हे, शर्यतीच्या गाडीच्या घाटाची, दोन सीटांची, नुसत्या आवाजाने माणसाला मान वळवायला लावणारी. माझ्याकडे आता फार वेळ उरलेला नाही, म्हणून पाल्हाळ न लावता सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. रंग वाळल्यावर एका तपासनीस बाईंनी माझ्या अंगावरून तळहात फिरवला आणि त्या स्वतःशीच हसल्या. मग मला फिरत्या रोलरांवर चढवून माझे इंजिन पहिल्यांदा पूर्ण ताकदीने चालवले गेले. चाके गरगर फिरत होती, काटा सरसर वर चढत होता, आणि मी मात्र होते तिथेच होते. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रवास. तोही जागच्या जागी.

माझ्याआधी माझ्या थोरल्या बहिणींची पहिली तुकडी बाजारात गेली होती. कंपनीने मुद्दामच मोजक्या गाड्या काढल्या होत्या. त्यामुळे ज्याला त्याला तीच हवी. आमच्या मालकांच्या शोरूमबाहेर माणसांची रीघ लागली. ज्याला थांबायची तयारी नसेल त्याने छापील किमतीवर आणखी पैसे द्यायचे, की नंबर पुढे सरकलाच म्हणून समजा. लोक ते वरचे पैसेही हसत हसत देत होते. हे सगळे मला नंतर शोरूममधल्या बोलण्यातून कळले. विक्रीवाला दिवसभर तेच ते सांगत असे. त्याला सगळे गोडबोल्या म्हणत, आणि ते नाव त्याला अगदी शोभत असे.

मालक मनाने वाईट नव्हते. एका शेडमध्ये दुचाक्या दुरुस्त करता करता त्यांनी हे काचेचे शोरूम उभे केले होते. पण दारात रांग दिसली की भल्याभल्यांचे डोके फिरते, तसे त्यांचेही फिरले. त्यांची धाकटी बहीण, चिमी, आणि तिचा नवरा यांचे चष्म्याचे दुकान होते. नवऱ्याला तरुणपणापासून अशा गाडीचे वेड. दोघे मोठ्या हौसेने आले. दोनच सीट पाहून गोडबोल्या म्हणाला, "दाजी, सासूबाई कुठे बसणार?" त्यावर दाजी म्हणाले, "अहो, त्यासाठीच तर ही घेतोय!" सगळे पोट धरून हसले. मग पैशांची बोलणी निघाली आणि हसणे थांबले.

"चिमे, तुझा नंबर खूप मागे आहे," मालक म्हणाले. "लवकर हवी तर वरचे पैसे द्यावेच लागतील. धंद्यात नातं आणलं ना, तर उद्या सगळं गणगोत येऊन उभं राहील. तुला सूट दिली हे बाहेर कळलं तर रांगेतले लोक मला फाडून खातील."

चिमीने नवऱ्याकडे पाहिले. मग ती म्हणाली, "दे दादा. तू सांगतोस म्हणजे तसंच असेल."

तिच्या नवऱ्याच्या नावाची गाडी रस्त्यावर आली, आणि गोडबोल्याला एक हुकमी वाक्य सापडले. कोणी घासाघीस करायला लागले की तो हात जोडून म्हणे, "अहो साहेब, मालकांनी सख्ख्या बहिणीलाही सूट दिली नाही. तुम्हाला कुठून देणार?" त्यावर भलेभले गिऱ्हाईक गप्प होई. चिमीच्या कानावर ते गेले तेव्हा तिलाही भावाचे कौतुकच वाटले म्हणे. आपला दादा सरळ माणूस, घरचे-बाहेरचे करत नाही, असे ती चारचौघांत सांगत असे.

आता खरी गोम ऐका. गावात अशी तीन शोरूम होती. नंबर लागेपर्यंत हात बांधून बसू नये म्हणून मालकांनी बहिणीला आधीच कानमंत्र दिला होता, "बाकीच्या दोन ठिकाणीही नाव टाकून ठेव. कुठे तरी लवकर लागेल. नको असेल तिथलं रद्द करायचं, पैसे परत मिळतात." हाच कानमंत्र त्यांनी मित्रांना दिला, शेजाऱ्यांना दिला. बाकीचे दोन मालकही आपापल्या माणसांना हेच सांगत होते. म्हणजे एकच माणूस तीन रांगांत उभा होता, आणि तिन्ही मालक आपापल्या रांगेकडे पाहून मिशीत हसत होते. युक्ती स्वतःच शिकवलेली, तरी आपल्या दारातली रांग तेवढी खरी असे आमच्या मालकांना वाटले. त्यांनी कंपनीला कळवले, "येतील तेवढ्या पाठवा." कंपनीने पाठवल्या. त्या लोंढ्यातच मी आले.

सुरुवातीचे दिवस आठवले की अजून ऊर भरून येतो. मला गोल फिरणाऱ्या चौथऱ्यावर चढवले होते. झाडलोट करणाऱ्या मावशी मऊ फडक्याने मला पुसत. लोक माझ्यासोबत फोटो काढून घेत, लहान मुले काचेला नाक लावून बघत. आज ना उद्या माझा माणूस येईल, किल्ली फिरवेल आणि आपण सुसाट निघू, या आनंदात मी गोल गोल फिरत होते.

मग फोन येऊ लागले. "आम्हाला तिकडून मिळाली हो, इथलं रद्द करा." एक झाला, दुसरा झाला. गोडबोल्या आधी ऐटीत "काही हरकत नाही" म्हणायचा. मग तो नुसते "बरं" म्हणू लागला. पुढे पुढे फोन वाजला की तो पाणी प्यायला जात असे. लांबलचक रांग होती कुठे? ती तीन ठिकाणी उभी राहिलेली तीच ती माणसे होती, आणि ती आपापली गाडी घेऊन घरी गेली होती. मागे राहिलो आम्ही. शोरूममध्ये आम्ही, तळघरात आम्ही, मागच्या अंगणात ताडपत्रीखाली आम्ही.

मालकांनी सूट जाहीर केली. आधी पायपुसण्या फुकट, मग विमा फुकट, मग रोख रक्कम कमी. काचेवरचा फलक दर वेळी मोठा होत गेला. बाकीच्या दोन शोरूमनी आमच्याहून मोठा फलक लावला. तुम्हाला वाटेल, स्वस्त झाल्यावर माणसे धावत आली असतील. उलटेच झाले, मित्रांनो. जो तो म्हणे, आज एवढी उतरली म्हणजे पुढे आणखी उतरेल. एक टकला गृहस्थ प्रत्येक नव्या फलकाला हजर होत असे. माझ्यात बसे, सीट पुढे-मागे करी, आरशात स्वतःला बघे आणि उतरताना म्हणे, "थांबू थोडं. अजून खाली येईल." त्याचा हात दारावरून सुटताना मला ओरडावेसे वाटे, घ्या हो मला! फुकट न्या, पण न्या! यंत्राला तोंड नसते हे त्या दिवसांत मला फार जाचले. कंपनीच्या साहेबाने सांगून टाकले होते की वर्ष संपायच्या आत गाड्या विकल्याचे दाखवा, नाही तर शोरूम विसरा. मालकांना जेवण जात नव्हते. ते माझ्याभोवती नुसते फेऱ्या मारत.

अशातच एका दुपारी चिमी आली. तिने तो फलक बाहेरून नीट वाचला होता.

"दादा, हा खरा आहे?"

मालक खाली बघत म्हणाले, "नाइलाज आहे गं."

"आमच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकं ह्यांना विचारतात, तुम्ही केवढ्याला घेतली? ह्यांनी परवापासून गाडी बाहेरच काढली नाही. चेष्टा होते त्यांची."

"तेव्हा भावच तसा होता, चिमे."

"भावाचं नाही म्हणत मी." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो ऐकवत नव्हता. "माझं नाव घेऊन तुम्ही बाकीच्यांकडून पैसे काढलेत. सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही म्हणून. मी वेडी, मलाच त्याचा अभिमान वाटत होता. बाहेरच्यांना सूट आणि घरच्यांना भुर्दंड! बरं केलंस."

गोडबोल्या मान खाली घालून माझी आधीच स्वच्छ असलेली काच पुसत राहिला. मालक "चिमे, ऐक तरी" म्हणत दारापर्यंत गेले. ती थांबली नाही.

वर्ष सरत आले. विकल्याचे दाखवा असे कंपनी म्हणाली होती ना? मग मालकांनी आम्हाला स्वतःच विकत घेतले. कोणी पत्नीच्या नावावर, कोणी तिच्या भावाच्या नावावर, आणि मी खुद्द मालकांच्या नावावर. धंद्यातली ही रूढ वाट आहे. मला यातले काही कळले नव्हते. नंबरप्लेट बसवली त्या दिवशी मी खुळ्यासारखी हरखून गेले. आता किल्ली फिरेल, आता दार उघडेल! संध्याकाळी त्यांनी माझ्यावर कापड टाकले आणि दिवे बंद केले.

नाव लागले आणि मी वापरलेली गाडी झाले. न वापरताच. टकला गृहस्थ पुन्हा आला. कागद बघून म्हणाला, "अरेच्चा, ही तर सेकंडहँड! मग एवढे कसले मागता?" आणि गेला तो कायमचा. मी पिवळीजर्द, कोरी करकरीत, इंजिनाला साधी धूळ नाही, आणि माझी गणना जुन्यात. माणसांच्या जगात असे कोणाचे होते का, मित्रांनो? होत असेल तर त्याला काय वाटत असेल ते मला विचारा.

पुढचे झटपट घडले. कंपनीने आमचे मॉडेलच काढायचे बंद केले. मालकांचे शोरूम गेले. माझ्या बहिणींना एका परगावच्या व्यापाऱ्याने मातीमोल भावाने उचलले. मालकांच्या नावाची म्हणून मी तेवढी त्यांच्याकडे राहिले आणि ट्रकवर लादून दुचाक्यांच्या त्या जुन्या शेडमध्ये आले. मालकांनी पुन्हा हातात पाना घेतला. गोडबोल्या दुसरीकडे फ्रिज विकायला लागला.

आणि मग एक दिवस फोन वाजला. रस्त्यावरच्या माझ्या एका बहिणीचा दिवा फुटला होता, कंपनीकडे नवा मिळत नव्हता. "तुमच्याकडे एक उभी आहे म्हणे?" दुसऱ्याला आरसा हवा होता. तिसऱ्याला बंपर. पुन्हा मला मागणी आली, मित्रांनो! फक्त अख्खी मी कोणालाच नको होते. मालकांच्या डोळ्यांत जुनी चमक दिसली. त्यांनी माझा दिवा नव्या दिव्याच्या दुपटीने विकला. ज्या हाताने मला गोंजारले होते त्याच हाताने ते एकेक स्क्रू सोडवत होते. मी मुकाट सोसत होते. निदान माझा डोळा तरी रस्ता बघेल, एवढीच मनाची समजूत.

परवा चिमी आली. तिच्या गाडीचा डावा दरवाजा एका टेम्पोने चेपला होता. सगळीकडे विचारून झाल्यावरच ती इथे आली असणार, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. मालक लगबगीने उठले. खुर्ची पुसली, पाणी दिले. त्यांनी माझा दरवाजा उतरवला आणि स्वतःच्या हातांनी तिच्या गाडीला बसवला. दोनदा उघडून मिटून पाहिला. अगदी चपखल बसला.

"किती झाले?" चिमीने पर्स उघडली.

"काही नाही गं. घरचंच आहे."

"बाकीच्यांना काय लावतोस?"

मालक फडक्याला हात पुसू लागले.

"तेच लाव, दादा. मला सूट दिलीस हे बाहेर कळलं तर?"

"चिमे, असं नको बोलूस. हवं तर चार शिव्या दे."

तिने शिव्या दिल्या नाहीत. तिने शांतपणे पैसे माझ्या बॉनेटवर ठेवले, त्यांवर एक पाना ठेवला, वाऱ्याने उडू नयेत म्हणून, आणि ती गेली. माझा दरवाजा तिच्या गाडीला लागून फाटकाबाहेर पडला आणि वळणावर दिसेनासा झाला. मालक माझ्या उघड्या बाजूने आत येऊन स्टिअरिंगमागे सरकून बसले. स्टिअरिंगवर डोके टेकून ते लहान मुलासारखे रडले. मला हॉर्नसुद्धा वाजवता आला नाही, कारण बॅटरी कधीच गेली होती.

मित्रांनो, दारातली रांग बघून हुरळून जाऊ नका. आणि कितीही लांब रांग लागली, तरी तिच्यापायी आपल्या माणसाकडून वरचे पैसे घेऊ नका. ते कितीही परत केले तरी फिटत नाहीत. आणि ज्यांच्या घरी गाडी असेल त्यांनी तिला नुसती पुसू नका, चालवा. ती त्यासाठीच जन्माला आलेली असते.

उद्या सकाळी एक माणूस माझे इंजिन न्यायला येणार आहे. त्याने दिलेली आगाऊ रक्कम मालकांच्या खिशात आहे. अजून इंजिन जागेवर आहे, चारही चाके आहेत. कोणाकडे बॅटरी असेल तर आणा हो. दूर नको, वेगात नको. फक्त त्या फाटकापर्यंत मला एकदा चालवा.